चित्रवाहक तार : नगर जिल्ह्याच्या निमित्तानें

सन १९४२ च्या ऑगस्ट महिन्याच्या ९ तारखेस पहांटे मुंबईंत राष्ट्रसभेच्या कार्यकारिणीच्या सभासदांना अटक झाली आणि त्यांना आगगाडीनें अहमदनगरास नेण्यांत आलें. मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित जवाहरलाल नेहरू, सरदार वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव प्रभृति नेते तेथील भुईकोट किल्ल्यांत बंदिस्त झाले. ते कोठें आहेत हें सरकारनें प्रकट केलें नाहीं. आरंभीचे कांहीं आठवडे त्यांना ना वृत्तपत्र मिळालें, ना घरचें पत्र. एप्रिल १९४३ मध्यें मौलानांच्या पत्नी कलकत्त्यास निवर्तल्या. मौलाना तेव्हां किल्ल्यांतच होते. १९४४ च्या एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंतच्या महिन्यांत पंडितजींनीं तेथें ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला. तो वाचकांच्या हातीं पडावयास मात्र १९४६ साल उजाडलें. खंदक आणि दगडी तट यांनीं वेढलेल्या त्या जागेंतून शब्द बाहेर पडणेंच जेथें दुरापास्त, तेथें चित्राची गोष्ट कशाला?

त्याच जिल्ह्यांत, पारनेर तालुक्यांतील राळेगण सिद्धी या लहानशा गांवीं, १० डिसेंबर २०१३ रोजीं अण्णा हजारे लोकपाल कायद्यासाठीं उपोषणास बसले. यादवबाबांच्या मंदिराचें आवार हीच त्यांची उपोषणाची जागा. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे तेथें पोंचले आणि आवारांत घडणारी गोष्ट घडत असतांनाच दिल्ली-मुंबईच्या घराघरांतून दिसूं लागली. १७ तारखेस राज्यसभेनें आणि १८ तारखेस लोकसभेनें विधेयक संमत केलें, आणि त्याच दिवशीं उपोषण सुटलें. किल्ला आणि मंदिर एकाच जिल्ह्यांतले. मध्यें गेलीं तीं अवघीं एकाहत्तर वर्षें. एका ठिकाणाहून शब्द निघत नव्हता. दुसऱ्या ठिकाणाहून चेहऱ्यावरचा थकवासुद्धां तत्काळ देशासमोर गेला.

हें स्थित्यंतर घडविणाऱ्या साधनांत आकाशांतल्या उपग्रहाचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें. परंतु उपग्रहापर्यंत पोंचण्यापूर्वीं प्रत्येक चित्राला जमिनीवरून एक छोटासा प्रवास करावा लागतो. कॅमेऱ्यापासून शेजारच्या गाडीपर्यंत, गाडींतल्या एका यंत्रापासून दुसऱ्या यंत्रापर्यंत, किंवा स्टुडिओंतून नियंत्रणकक्षापर्यंत असा तो प्रवास असतो. तो बोटापेक्षांहि बारीक अशा एका तारेंतून होतो, आणि त्या तारेंतून चित्र कसें जावें याविषयीं जगांतल्या अभियंत्यांनीं एक करार करून ठेवलेला आहे. त्या कराराला सीरियल डिजिटल इंटरफेस, संक्षेपानें एस. डी. आय., असें म्हणतात. त्याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाहीं. पण तो सांगण्याजोगा आहे.

तारेंतून चित्र पाठविणें मुळांत अवघड कां, हें प्रथम पाहिलें पाहिजे. मनुष्याचें बोलणें समजण्यापुरतें तारेंतून न्यावयाचें तर विजेचीं सेकंदास तीनसाडेतीन हजार आंदोलनें पुरतात. दूरध्वनीची व्यवस्था त्यावरच उभी राहिली. चित्राचें तसें नाहीं. टेलिव्हिजनचें चित्र म्हणजे आडव्या ओळींची एक चळत. हिंदुस्थानांत आणि युरोपांत रूढ झालेल्या पद्धतींत एका चित्रांत ६२५ ओळी आणि एका सेकंदांत २५ चित्रें. प्रत्येक ओळींतील उजेडअंधाराचे चढउतार विजेच्या चढउतारांत उतरवावयाचे, तर सेकंदास पन्नास लाख आंदोलनांपर्यंत मजल जाते. साध्या जोडतारेंत इतकीं जलद आंदोलनें टिकत नाहींत. कांहीं वाटेंतच विरतात, कांहीं बाहेर निसटतात, आणि बाहेरचा गोंगाट आंत शिरतो.

यावरचा उपाय एकांत एक बसविलेल्या तारेचा. मधोमध तांब्याची एक तार, तिच्याभोंवतीं विद्युत्‌रोधक पदार्थाचें जाड वेष्टन, त्यावर तांब्याच्या बारीक तारांची विणलेली जाळी आणि सर्वांवर बाहेरचें आवरण, अशी तिची रचना. जाळीमुळें आंतील प्रवाह आंतच राहतो आणि बाहेरचा उपद्रव बाहेर. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञानें १८८० सालींच अशा रचनेचें पेटंट घेतलें होतें. पुढें लॉइड एस्पेन्शीड आणि हर्मन ॲफेल या अमेरिकन अभियंत्यांनीं १९२९ सालीं तिचा एकाच वेळीं अनेक संदेश नेण्यासाठीं उपयोग करण्याची योजना मांडली. हीच आजची कोॲक्सियल केबल होय. १९३६ सालीं बर्लिन आणि लाइपझिग या शहरांमध्यें अशी केबल टाकून बोलणाऱ्यांना एकमेकांचा चेहराहि दिसेल असा दूरध्वनि सुरूं झाला. १२ मे १९३७ रोजीं लंडनमध्यें सहाव्या जॉर्ज राजाच्या राज्यारोहणाची मिरवणूक हाइड पार्कच्या कोपऱ्यावर बी. बी. सी.च्या कॅमेऱ्यांनीं टिपली आणि खास चित्रासाठीं बनविलेल्या केबलमधून तें चित्र अलेक्झांड्रा पॅलेसच्या प्रक्षेपण केंद्रापर्यंत नेलें. घटनास्थळीं उभी असलेली गाडी, तिच्यांतील यंत्रें आणि तिच्याशीं केबलनें जोडलेले कॅमेरे हा जो देखावा राळेगणला दिसला, त्याचा मूळ वंश त्या मिरवणुकीशीं जुळतो.

हिंदुस्थानांत टेलिव्हिजनचा प्रायोगिक आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरूं झालें आणि १९७३ मध्यें सिंहगडावरील प्रक्षेपकामुळें पुण्याला चित्र दिसूं लागलें. पण टेलिव्हिजनच्या लहरी प्रकाशाप्रमाणें बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. डोंगर आडवा आला कीं त्याच्या पलीकडे सावली पडते. नगर जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर, अकोले तालुक्यांत, कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच उभें आहे. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखराचा मान ज्या जिल्ह्याला, त्याच्याच वांट्याला त्या डोंगररांगांची ही सावलीहि आली. १९८३ सालीं इन्सॅट-१बी हा उपग्रह आकाशांत गेला आणि त्यापाठोपाठ देशभर जिल्ह्यांच्या ठिकाणीं लहान प्रक्षेपक उभे राहिले, तेव्हां घाटापलीकडच्या अशा प्रदेशांचा हा प्रश्न पुष्कळसा सुटला. चित्र आतां डोंगराच्या माथ्यावरून नव्हे, तर थेट आकाशांतून खालीं उतरूं लागलें.

मात्र हें सर्व चित्र जुन्या पद्धतीचें, म्हणजे लहरींच्या रूपाचें होतें. या ॲनालॉग पद्धतींत विजेचा चढउतार हाच चित्राचा हुबेहूब पडसाद असतो. त्यामुळें तारेंत जो जो गोंगाट शिरेल तो तो चित्राचाच भाग होऊन बसतो. मूळचें किती आणि मागाहून चिकटलेलें किती, हें पुढील यंत्राला निवडतां येत नाहीं. एका फितीवरून दुसऱ्या फितीवर, दुसरीवरून तिसरीवर अशा प्रती काढीत गेलें, कीं प्रत्येक पिढीला रंग फिके होतात, कडा धूसर होतात आणि पांचव्यासहाव्या प्रतींत मूळ चेहऱ्याची ओळख पटणें कठीण होतें.

ही व्याधि नगर जिल्ह्याला अपरिचित नाहीं; फार जुन्या काळीं ती दुसऱ्या रूपानें याच भूमीशीं निगडित झालेली आहे. प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानेश्वरांनीं आपला गीतेवरील ग्रंथ सांगितला. त्यानंतर तो हातोहात उतरवून घेतला गेला. कोणा लेखकाच्या नजरेंतून अक्षर सुटलें, कोणाला जुना शब्द कळला नाहीं म्हणून त्यानें ओळखीचा शब्द घातला, कोणी आपल्या पदरची ओवी जोडली. पुढच्या लेखकाला हे बदल मूळचेच वाटले आणि त्यानें ते निष्ठेनें उतरविले. अखेर सुमारें तीनशें वर्षांनीं, शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ सालीं, पैठणच्या एकनाथांना अनेक प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला. प्रत काढणाऱ्या प्रत्येकानें प्रामाणिकपणें काम केलें तरी प्रतींच्या परंपरेंत चूक सांचत जाते, ही गोष्ट नाथांनीं जाणली. विजेच्या लहरींची अवस्था अगदीं तीच होती; फक्त तेथें शुद्धिकरण करावयास कोणी एकनाथ नव्हता, कारण मूळ आणि मळ एकजीव झालेले होते.

डिजिटल पद्धतीनें हें दुखणें मुळापासून उपटलें. तिचें तत्त्व समजण्यास कठीण नाहीं. लहर जशीच्या तशी पाठवावयाची नाहीं. तिची उंची ठराविक क्षणांना मोजावयाची आणि तें मोजमाप अंकांत लिहून अंक पाठवावयाचे. ॲलेक रीव्ह्ज हा इंग्रज अभियंता पॅरिसमध्यें काम करीत असतांना त्यानें ध्वनीच्या बाबतींत ही कल्पना मांडली आणि १९३८ सालीं फ्रान्समध्यें तिचें पेटंट मागितलें. अंक लिहावयाचे ते केवळ शून्य आणि एक या दोन खुणांनीं. तारेच्या शेवटच्या टोंकाला बसलेल्या यंत्राला आलेली खूण कितीहि मळलेली असली तरी एवढेंच ठरवावयाचें असतें कीं, ही शून्याची कीं एकाची. तें एकदां ठरलें म्हणजे तें यंत्र नवी कोरी खूण तयार करून पुढें धाडतें. मळ तेथेंच गळून पडतो. जणूं प्रत्येक प्रतीच्या वेळीं एकनाथ हजर! म्हणूनच शंभरावी प्रतहि पहिलीसारखीच राहते.

कल्पना १९३८ ची, पण चित्राच्या बाबतींत ती प्रत्यक्षांत उतरावयास चार तपें लागलीं, कारण चित्राच्या अंकांची संख्या छाती दडपून टाकणारी आहे. शिवाय एक राजकीय म्हणावा असा पेंचहि होता. युरोप व हिंदुस्थान ६२५ ओळींचे, तर अमेरिका व जपान ५२५ ओळींचे. मोजमाप कोणाच्या मापानें करावयाचें? आंतरराष्ट्रीय रेडिओ सल्लागार समितीनें १९८२ सालीं जो निर्णय दिला तो तंत्रज्ञानाच्या इतिहासांत समजूतदारपणाचा एक नमुना मानावा लागेल. दोन्ही पद्धतींच्या ओळींच्या गतींना सामाईक असा २२ लाख ५० हजार हा आंकडा शोधून काढण्यांत आला आणि त्याच्या सहापट, म्हणजे सेकंदास १ कोटी ३५ लाख, इतक्या वेळां चित्राचा उजेड मोजावा असें ठरलें. रंगाचीं दोन मापें मानवी डोळ्याला तितकीं बारीक लागत नाहींत. म्हणून तीं प्रत्येकीं त्याच्या निम्म्यानें, ६७ लाख ५० हजार वेळां, घ्यावयाचीं. दोन्ही पक्षांच्या चित्रांत एका ओळीच्या दृश्य भागांत ७२० मापें बसलीं. कोणाचेंहि माप दुसऱ्यावर लादलें गेलें नाहीं. योगायोग असा कीं, हिंदुस्थानांत रंगीत टेलिव्हिजन आला तो याच १९८२ सालीं.

तिन्ही मापांची बेरीज सेकंदास २ कोटी ७० लाख होते. आरंभीं प्रत्येक माप शून्य-एकाच्या आठ खुणांनीं लिहिलें जाई, पुढें दहा खुणांनीं. या आठ-दहा खुणा एकाच वेळीं न्यावयाच्या तर तितक्याच जोडतारा हव्यात आणि ताल दाखविणारी आणखी एक. म्हणून पहिली व्यवस्था निघाली ती जाडजूड, बहुतारी केबलची. तिच्या टोंकाला पंचवीस पिनांची जोडणी असे. ती महाग होती, अवजड होती, आणि पन्नासेक मीटरपलीकडे गेली कीं निरनिराळ्या तारांतल्या खुणा मागेंपुढें पोंचूं लागत. एका खोलींतल्या दोन यंत्रांना ती ठीक. साऱ्या इमारतीला किंवा मैदानावरच्या कॅमेऱ्याला तिचा कांहीं उपयोग नव्हता.

तेव्हां दुसरा मार्ग पुढें आला. खुणा एकदम शेजारीं-शेजारीं न पाठवितां एकामागून एक, वारीच्या दिंडीप्रमाणें ओळीनें पाठवाव्यात. असें केलें तर एकच तार पुरते, पण तिच्यांतून सेकंदास २७ कोटी खुणा धांवाव्या लागतात. नेवाशास सांगितल्या गेलेल्या सुमारें नऊ हजार ओव्या या गतीनें सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आंत तारेंतून पार होतील, यावरून त्या वेगाची कल्पना यावी. दरम्यान सेकंदास २४ कोटी ३० लाख खुणांची एक निराळी योजना निघून मागें पडली. अमेरिकेंतील चलच्चित्र व टेलिव्हिजन अभियंत्यांच्या एस. एम. पी. टी. ई. या १९१६ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें १९८९ मध्यें २७ कोटींच्या योजनेला प्रमाणाचें रूप दिलें, आणि सीरियल डिजिटल इंटरफेस जन्मास आला.

या प्रमाणांत तीन युक्त्या अशा आहेत कीं, त्यांवांचून तें चाललेंच नसतें. पहिली तालाची. एकामागून एक धांवणाऱ्या खुणा ओळखावयाच्या तर ऐकणाऱ्या यंत्राला ताल धरावा लागतो. चित्रांत मोठा काळा पडदा आला आणि एकसारख्या शून्यांची रांग लागली, तर भजनांत मृदंग बराच वेळ गप्प राहिल्यावर टाळकऱ्याची जी गत होते ती या यंत्राची होते. म्हणून पाठविण्यापूर्वींच खुणा एका ठराविक नियमानें ढवळून काढतात, म्हणजे शून्य-एकांची सतत अदलाबदल होत राहते. पलीकडचें यंत्र त्याच नियमानें त्या पुन्हां सरळ करतें. दुसरी युक्ति सीमेची. ओळ कोठें सुरूं झाली आणि कोठें संपली हें कळावें म्हणून कांहीं अंक चित्राला वापरावयास बंदी केलेली आहे. ते केवळ सीमेचे दगड. आधीं दहा खुणांतून लिहितां येणारा सर्वांत मोठा अंक, १०२३, आणि त्यापाठोपाठ दोन शून्यें आलीं, कीं यंत्रानें ओळखावें, येथें ओळीची शीव आली. अभंगाच्या अखेरीस कवीची नाममुद्रा आली म्हणजे अभंग संपला हें जसें कळतें, तसेंच हें. तिसरी युक्ति काटकसरीची. दोन ओळींच्या मध्यें जी रिकामी जागा राहते तिच्यांत आवाजाचे अंक भरून देतां येतात. चित्र आणि ध्वनि यांना एकच तार पुरते आणि दोघांची फारकत होण्याचें भय राहत नाहीं.

परंतु या कराराच्या यशाचें खरें कारण याहून साधें आहे. नवें प्रमाण जुन्याच केबलमधून जात होतें. जगभरच्या टेलिव्हिजन केंद्रांच्या भिंतींतून आणि जमिनीखालून हजारों मीटर कोॲक्सियल केबल आधींच टाकलेली होती. तिच्या टोंकाची, खोंचून पाव वळसा दिला कीं पक्की बसणारी बी. एन. सी. जोडणीहि कामगारांच्या हाताला सरावाची होती. दोन्ही टोंकांचीं यंत्रें बदललीं तरी मधली तार तीच राहिली. नवें आणतांना जुन्याची मोडतोड करावी लागली नाहीं, म्हणून नवें लवकर रुजलें. समाजसुधारणेच्या इतिहासांतहि हा अनुभव वारंवार येतो.

पुढें चित्रांची बारकाई वाढली तसा प्रवाहाचा वेगहि वाढत गेला. उच्च स्पष्टतेच्या चित्रासाठीं १९९८ सालीं सेकंदास १४८ कोटी ५० लाख खुणांचें प्रमाण झालें, २००६ मध्यें त्याच्या दुप्पट, आणि २०१५ मध्यें सुमारें ११८८ कोटींचें. वेग वाढला तशी केबलची पोंच घटली. पहिल्या प्रमाणाचें चित्र चांगल्या केबलवरून तीनशें मीटरपर्यंत सुखानें जाई, उच्च स्पष्टतेचें सुमारें शंभर मीटरपर्यंत. संगणकांच्या जाळ्यांतून असेंच चित्र नेण्याचीं प्रमाणेंहि निघालेलीं आहेत. तरीहि मैदानावर, मंदिरांत, सभागृहांत कॅमेरा लावून झटपट काम उरकावयाचें असतें तेव्हां ही एकेरी तार अद्यापि विश्वासाची मानली जाते.

तिचा एक अवगुणहि सांगितला पाहिजे. जुनें लहरींचें चित्र बिघडूं लागलें म्हणजे मुंग्या येत, छाया पडे, पाहणारा सावध होई. अंकांच्या चित्राचें असें नसतें. केबल मर्यादेच्या जवळ आली तरी चित्र निर्दोष दिसत राहतें. मग आणखी कांहीं मीटर वाढले किंवा जोडणी जराशी सैल झाली, कीं तें एकाएकीं तुटकें होतें आणि नाहींसें होतें. कड्याच्या टोंकापर्यंत सपाट वाट आणि पुढें एकदम दरी, असा हा प्रकार. हरिश्चंद्रगडाचा कोंकणकडा ज्यानें पाहिला असेल त्याला वेगळी उपमा नको. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ डोळ्यांना चित्र चांगलें दिसतें एवढ्यावर विसंबत नाहींत. केबलची लांबी आधीं मोजतात.

आतां राळेगणकडे पुन्हां वळतां येईल. उपोषणाच्या जागेवरून चित्र बाहेर पाठविण्याची सर्वसाधारण रीत अशी असते. कॅमेऱ्यांतून निघालेली केबल आवाराबाहेरच्या गाडीपर्यंत जाते. गाडींत अनेक कॅमेऱ्यांच्या चित्रांतून एक निवडतात. तेथपर्यंत चित्र पूर्ण असतें, त्यांतला एक अंकहि गाळलेला नसतो. परंतु सेकंदास दीडशें कोटी खुणांचा हा लोंढा उपग्रहाच्या वाटेंत मावणारा नव्हे. म्हणून गाडींत तो आवळून कांहीं लाखांपर्यंत किंवा थोड्या कोटींपर्यंत आणतात आणि मग छतावरील तबकडीनें आकाशाकडे सोडतात. म्हणजे तारेचें राज्य अंगणापुरतें. मात्र त्या अंगणांतली तिची सचोटी इतकी, कीं पुढच्या सर्व प्रवासाला मूळ म्हणून दाखवितां येईल असा पाठ तीच पुरविते.

या तारेच्या स्वभावाची आणखी एक खूण. घरगुती टेलिव्हिजनसंचांना जी एच. डी. एम. आय. नांवाची केबल जोडतात, तिच्यांतून जाणाऱ्या चित्राला बहुधा गुप्त कुलूप घातलेलें असतें. परवान्याचें यंत्र नसेल तर चित्र उघडत नाहीं. एस. डी. आय.ला असें कुलूप नाहीं. जो तिला जोडला जाईल त्याला ती सर्व कांहीं दाखविते. व्यवसायांतील माणसांनीं एकमेकांवर ठेवलेल्या विश्वासावर ती चालते. अर्थात् चित्राचें रक्षण करण्याचें काम तार करीत नाहीं; तें तारेच्या दोन टोंकांशीं असलेल्या माणसांना करावें लागतें.

शिर्डीच्या उदाहरणावरून या साधनाचें दुसरें मोल ध्यानांत येतें. महामारीमुळें १७ मार्च २०२० रोजीं साईबाबांचें मंदिर भक्तांसाठीं बंद झालें, तें १६ नोव्हेंबर रोजीं पुन्हां उघडलें. मधल्या आठ महिन्यांत गाभाऱ्यासमोर गर्दी नव्हती. पण समाधीसमोरचें दृश्य कॅमेऱ्याच्या द्वारें भक्तांना घरबसल्या पाहतां येत होतें. ज्यांच्या घरांत दुखणें आलें होतें, ज्यांना अंत्यदर्शनासहि जातां आलें नव्हतें, त्यांना त्या हलत्या ज्योतीच्या चित्रानें काय दिलें असेल याचें माप कोणत्याहि अंकांत करतां येणार नाहीं. किल्ल्यांतील मौलानांच्या काळीं कलकत्त्याहून चित्र येणें शक्यच नव्हतें.

मग एकाहत्तर वर्षांत सर्वच साधलें काय? येथें विचारी मनुष्यानें थोडें थबकावें. तारेनें आपल्या वांट्याचें काम चोख केलें आहे. तिच्यांत घातलेलें चित्र ती बाहेर जसेंच्या तसें काढून देते. परंतु काय घालावयाचें, हें ती ठरवीत नाहीं. राळेगणला कॅमेरे गेले, शिर्डीला कॅमेरे आहेत. त्याच जिल्ह्यांतील पाथर्डी तालुक्यांतून दर हंगामांत ऊसतोडणीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें बिऱ्हाड बांधून निघतात. त्यांच्या वाटेवर गाड्यांची आणि केबलची अशी गर्दी होत नाहीं. जामखेड तालुक्यांतील चौंडी हें अहिल्याबाई होळकरांचें जन्मगांव. २०२४ सालीं त्यांच्याच नांवानें जिल्ह्याचें अहिल्यानगर असें नामकरण झालें. सोहळ्याच्या दिवशीं चौंडीचें चित्र देशाला दिसतें. तेथील उन्हाळ्यांतली पाण्याची घागर क्वचित्. वाटेंत अंक गळतो म्हणून हें होत नाहीं. तारेच्या अलीकडे, कॅमेरा कोठें रोंखावा हें ठरविणाऱ्या मनांत तें आधींच गळलेलें असतें. १९४२ सालीं सरकारनें तट उभारून शब्द अडविला; आतां तट नसला तरी उपेक्षा तेंच काम करूं शकते, आणि तिचा आवाज होत नाहीं.

एकनाथांच्या कार्याकडे या दृष्टीनें पुन्हां पाहतां येतें. प्रती शुद्ध करण्याचें काम आतां यंत्रानें आपल्याकडे घेतलें आहे आणि तें मनुष्यापेक्षां अचूक होतें. पण तीनशें वर्षांपूर्वींची पोथी पुन्हां हातीं घेण्याजोगी आहे, तिच्यावर श्रम वेंचले पाहिजेत, हा निर्णय नाथांचा होता. तो कोणत्याहि प्रमाणांत लिहितां येत नाहीं. टेलिव्हिजन केंद्रांच्या कपाटांतून जुन्या फितींचे ढीग आहेत; त्यांतील लहरींचीं चित्रें दिवसेंदिवस झिजत आहेत. तीं वेळींच अंकांत उतरवून घेतलीं तर पुढची झीज थांबेल, आणि त्यासाठीं लागणारी तार, जोडणी, प्रमाण हें सर्व सिद्ध आहे. कोणती फीत आधीं काढावयाची हें मात्र कपाटासमोर उभ्या राहिलेल्या माणसानेंच ठरवावयाचें आहे.

नगरच्या किल्ल्यांत नेत्यांच्या खोल्या जपून ठेवलेल्या आहेत. पाहावयास येणारे कुटुंबवत्सल लोक मुलांना त्या दाखवितात आणि खिशांतील यंत्रानें चित्र टिपून क्षणार्धांत दूरच्या आप्तांना धाडतात. जेथून घरच्या पत्रालाहि वाट नव्हती, तेथून आतां चित्रें मोकळेपणानें निघतात. तीं निघतांना त्या भिंतींनीं कोणाचा शब्द अडविला होता हेंहि मुलांना सांगितलें गेलें, तर त्या चित्रांबरोबर इतिहासाचा पाठहि पुढच्या पिढीला शुद्ध मिळेल.